बेरीज राहू दे, पेन कुठे अडला ते बघ

प्रश्न : ताई, मी २८ वर्षांची आहे. लग्नाआधी जिल्ह्याकडून खो-खो खेळायचे, आता एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. बावीसावा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. मागच्या तपासणीला दवाखान्यात नर्सिंगची एक विद्यार्थिनी तिच्या प्रबंधासाठी फॉर्म भरून घेत होती. गरोदरपणात बायकांना स्वतःच्या शरीराविषयी काय वाटतं, असा तिचा विषय. तीस-पस्तीस वाक्यं आणि प्रत्येकापुढे ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत पाच चौकटी. सासूबाई शेजारी बसून वाचत होत्या, त्यामुळे मी सगळीकडे छान छान खुणा केल्या. पण फॉर्मचा फोटो काढून ठेवला होता. रात्री खरी उत्तरं लिहिली, १ ते ५ असे गुण देऊन बेरीज केली, ती बरीच जास्त आली. नवरा म्हणाला, हे नॉर्मल नसणार.

खरं सांगू का, हे शरीर मला माझं वाटत नाही. दोन जिने चढले की धाप लागते. सगळे म्हणतात चेहऱ्यावर तेज आलंय, मला आरशात सुजलेली बाई दिसते. गर्भसंस्काराच्या वर्गात सांगतात की आईच्या मनात येतं ते बाळापर्यंत पोचतं. मग हेही पोचत असेल का? मला काही आजार आहे का? त्या मुलीला खोटी उत्तरं दिली, तिला सांगायला हवं का? आणि सातव्यात डोहाळजेवण आहे, त्यात पोटाचं फोटोशूट ठरलंय. मला ते नको आहे. नाही कसं म्हणू? (मागच्या महिन्यात माझं वजन दोन किलोने वाढलं. काट्यावरच्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘बास आता!’ तेव्हापासून मी रात्री जेवत नाही, नुसतं ताक घेते. पण ते एवढं महत्त्वाचं नाही.)
— र., जि. सांगली

उत्तर :

र.,

कंसातलं आधी घेऊ. बाकीचं चार दिवसांनी वाचलंस तरी चालेल.

रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर. या दिवसांत महिन्याला दोन किलो वाढणं म्हणजे जेवढं वाढायला हवं तेवढंच वाढणं. गावोगावच्या परिचारिकांसाठी केंद्राच्या आरोग्य खात्याने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हेच सांगितलंय: पहिले तीन महिने सरले की दर महिन्याला साधारण दोन किलो, आणि नऊ महिन्यांत मिळून ९ ते ११ किलो. महिन्याला दोनपेक्षा कमी वाढत असेल तर बाईचं खाणं पुरत नसावं अशी शंका घ्यायची. तीनच्या वर गेलं तर जुळं आहे का, साखर किंवा रक्तदाब वाढलाय का, ते तपासायचं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये केलेला तक्ता तर उंचीला शोभेल असं वजन असणाऱ्या बाईला साडेअकरा ते सोळा किलोपर्यंत मोकळीक देतो. तेव्हा काट्यावरच्या बाई जे बोलल्या ते यातल्या कुठल्याच कागदाला धरून नव्हतं. आणि वजनाचा आकडा चार बायकांत मोठ्यांदा वाचायचा नसतो हेही त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मी तुझ्या जागी असते तर पुढच्या वेळी ‘आकडा कार्डावर लिहा, मी वाचेन’ एवढंच म्हणाले असते.

हे वाढलेलं वजन जातं कुठे, ते खेळाच्या शिक्षिकेला तरी माहीत हवं. दिवस भरत येतात तेव्हा बाळ तीन किलोच्या आसपास असतं, वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल किलोभर, गर्भाशयाचं स्वतःचं वजन आणखी किलोभर. वाढलेलं रक्त सव्वा ते दीड किलो. मग अंगात साठलेलं पाणी, छातीचं वजन आणि तीनेक किलो चरबी, जी पुढे अंगावर पाजताना खर्ची पडते. यातलं कुठलं ताकावर राहून कमी करणार आहेस? उपाशी झोपल्याचा त्रास आधी तुला होईल: सकाळी चक्कर, पित्त, मळमळ. महिनोन् महिने असंच चाललं तर बाळही वजनाला कमी भरू शकतं. भाकरी, भाजी, आमटी, जे घरात शिजतं ते खा. ‘दोघांचं खा’ म्हणून ताटात डोंगर रचणाऱ्यांचं ऐकायची गरज नाही, पण एका बाईचं तरी पूर्ण जेवण पोटात जाऊ दे.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे स्पष्ट सांग. आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर मला कळवलं नाहीस तरी चालेल: खेळायच्या दिवसांत वजन आटोक्यात ठेवायला उपास काढायची, जेवून ओकायची सवय होती का? असेल, किंवा आता जेवायला बसल्यावर धास्तीने घास उतरत नसेल, तर समुपदेशकाची वेळ याच आठवड्यात घे. अशा जुन्या सवयी गरोदरपणात पुन्हा डोकं वर काढू शकतात आणि त्या एकटीने निस्तरायच्या नसतात.

आता तुझा फॉर्म. फोटो पाठवलास, रात्रीच्या उत्तरांसकट, ते फार बरं केलंस. नुसती बेरीज कळवली असतीस तर मला काहीच सांगता आलं नसतं.

आपल्याला आपलं शरीर कसं वाटतं हे आकड्यांत मांडायची खटपट बरीच जुनी आहे. १९५३ मध्ये सेकॉर्ड आणि जुरार्ड या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी केस, नाक, कंबर इथपासून भूक आणि दमापर्यंत शरीराची एक यादीच केली आणि लोकांना प्रत्येक गोष्टीला आवडी-नावडीचे गुण द्यायला लावले. १९८३ मध्ये स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नऊ चित्रं आली, काटकुळ्या बाईपासून अगडबंब बाईपर्यंत. आत्ता मी अशी आहे म्हणून एका चित्रावर बोट ठेवायचं, मला अशी व्हायचंय म्हणून दुसऱ्यावर. दोहोंमधलं अंतर म्हणजे नाराजी. सोपं आणि स्वस्त, म्हणून जगभर वापरलं गेलं. त्या नऊ बायकांत गरोदर एकही नाही! १९८७ मध्ये इंग्लंडमधून ३४ प्रश्नांची एक प्रश्नावली आली. खाण्याच्या विकारांच्या संदर्भात, वजनाने आणि बांध्याने पछाडलेल्या बायकांचं मन समजावं म्हणून ती केलेली. तिच्यात पोट, मांड्या, कंबर यांविषयी खोदून खोदून विचारलंय.

हेच फॉर्म पुढे कित्येक वर्षं गरोदर बायकांनाही देत राहिले. सहाव्या महिन्यातल्या बाईला ‘पोट मोठं झाल्यासारखं वाटतं का’ विचारलं तर ती हो म्हणणारच, ते मोठं झालेलंच असतं. कागदावर मात्र तिच्या नावापुढे नाराजीचे गुण चढायचे. उलट धाप, पाठदुखी, पोटावरची काळी रेघ, बाळाची हालचाल आणि ‘अजून पोट दिसत नाही, नुसती जाडी दिसते’ ही मधल्या महिन्यांतली पंचाईत, यांना त्या फॉर्मांत जागाच नव्हती. खास गरोदर बायकांशी बोलून, त्यांच्यावरच पारखून घेतलेल्या प्रश्नावल्या अगदी अलीकडच्या. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये ३६ वाक्यांची एक झाली. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात २०१९ मध्ये १९ वाक्यांची दुसरी झाली. तिचे तीनच भाग आहेत: गरोदर दिसण्याचं समाधान, वजनाची काळजी आणि शरीराला होणारा त्रास. तुझ्या हातात आलेला फॉर्म ऑस्ट्रेलियातल्या वळणाचा दिसतो. त्यात सात भाग पडतात. दिसण्याचाच ध्यास, ताकदीविषयीची नाराजी, त्वचेविषयीची, एकेका अवयवाविषयीची, जोडीदाराला आपण हव्याशा वाटतो का, शरीर काय करतंय यापेक्षा ते कसं दिसतंय याला दिलेलं महत्त्व, आणि चारचौघांत जाणं टाळणं.

सात वेगळ्या गोष्टी. तू त्यांची एक बेरीज केलीस.

ती बेरीज तशीही चुकलेली आहे. अशा फॉर्मात काही वाक्यं सुलट असतात, काही उलट. ‘मला माझं अमुक आवडतं’ याला दिलेला ५ आणि ‘मला माझ्या तमुकची लाज वाटते’ याला दिलेला ५ एकाच खात्यात जमा होत नाहीत. एका प्रकारच्या वाक्यांचे गुण उलटवून घ्यावे लागतात, पाचाचा एक, चाराचा दोन. भरणाऱ्याने डोळे झाकून खुणा केल्या नाहीत ना, हेही त्यातून कळतं. तू सगळं सरसकट मिळवलंस. त्यात तुझी चूक नाही, गुण कसे लावायचे ते फॉर्मवर छापलेलं नसतं. पण नवऱ्याला सांग की त्या आकड्यावरून नॉर्मल-ॲबनॉर्मल ठरत नाही. बरोबर बेरीज केली असतीस तरी ठरलं नसतं. ताप मोजताना शंभराच्या वर काटा गेला की आपण गोळी शोधतो, तशी रेघ या फॉर्मांना कुणी आखलेलीच नाही. ते शंभर-दोनशे बायकांचा गट बघायला केलेले असतात: कुठल्या महिन्यात नाराजी वाढते, कशाने कमी होते, कुणाला आधार जास्त लागतो.

म्हणून मी बेरीज बघितली नाही, खुणा बघितल्या. वांग, केस, त्वचा यांना तू दोन-तीन दिलेस. म्हणजे फारसं काही नाही. पोट-मांड्यांना तीन, एखादा चार. आणि अंगातला जोर, दम, चपळाई यांची जी पाच-सहा वाक्यं आहेत, तिथे सगळीकडे टोकाचा आकडा. एका ठिकाणी तर ५ इतक्यांदा गिरवलाय की कागद फाटायचा बाकी आहे. पत्रात तू आरसा, तेज, सुजलेली बाई असं लिहिलंस, कारण शरीर म्हटलं की बाईने दिसण्याबद्दलच बोलायचं असतं असं आपण सगळ्याच शिकलेलो असतो. पण तुझा पेन अडलाय तो खांबापाशी. जी मुलगी पाटीवरून उठून क्षणात दिशा पकडायची, तिला जिन्यात कठड्याला धरून उभं राहावं लागतं. याला रूपाची हौस म्हणत नाहीत. तुला तुझी आवडती गोष्ट काही महिन्यांसाठी सोडावी लागली आहे आणि तिच्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढलेला नाही. ‘तू सुंदर दिसतेस’ म्हणून तुझं समाधान का होत नाही, ते नवऱ्याला यावरून कळेल. तो चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देतोय, बिचारा.

धापेबद्दल थोडं शरीरशास्त्र. गरोदरपणात अंगातलं रक्त हळूहळू दीडपटीच्या जवळ जातं. हृदय एरवीपेक्षा तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त ढकलतं, तू आडवी पडून टीव्ही बघत असलीस तरीही. संप्रेरकांमुळे श्वास खोल होतो, आणि वाढतं गर्भाशय पुढे पुढे श्वासपटलाला वर रेटत जातं. म्हणजे तुझा दम गेलेला नाही, तो आधीच कामाला लावलेला आहे. जिना चढायला उरलेल्यातून द्यावा लागतो. पण सगळं यावर ढकलून मोकळी होऊ नकोस. रक्तातलं पाणी तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतं, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरतं, आणि ते ११ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना तो होता. तुझा शेवटचा आकडा कार्डावर बघ. लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, आणि चहाबरोबर तर घेत नाहीस ना, तेही बघ. चहाने लोह नीट अंगी लागत नाही.

बसल्या जागी धाप लागली, आडवं झाल्यावर गुदमरलं, छातीत दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि ते ‘सुजलेली बाई’ तू नुसतं वाटतं म्हणून लिहिलंस, की खरंच सकाळी उठल्यावर तोंड आणि हात सुजलेले असतात? अंगठी घट्ट होते का? संध्याकाळी पावलांवर थोडी सूज पुष्कळजणींना येते. पण तोंडावर-हातांवर एकाएकी सूज आली, सोबत डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा वरच्या पोटात दुखलं, तर रक्तदाब लगेच मोजून घ्यायचा. विसाव्या आठवड्यानंतर याला हलक्यात घ्यायचं नाही.

खो-खो आत्ता नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पडणं, धक्का, सूर मारणं यांपैकी काहीच नको. पण ‘जपून राहा’ म्हणून घरात बसवून ठेवलं असेल तर ते मात्र ऐकू नकोस. डॉक्टरांनी काही कारणाने मनाई केली नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला गरोदर बाईलाही आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायामाचा आहे. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेगाने चालणं झालं की मध्यम. तू स्वतः शिक्षिका आहेस, स्वतःचं वेळापत्रक आखायला तुला कुणाची शिकवणी नको. मैदानावर जाणं सोडलं असशील तर परत जायला लाग. शिट्टी तोंडात आणि पाय सावलीत. खेळाडूला खेळ दिसत नाही तेव्हा तो आरशात जास्त बघायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

आजार आहे का, हा प्रश्न उरतो. शरीराविषयीची नाराजी आणि नैराश्य एक नव्हे. पण दोन्ही पुष्कळदा हातात हात घालून येतात. ऑस्ट्रेलियात हेलन स्कूटेरिस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गरोदर बायकांना वेगवेगळ्या महिन्यांत शरीराविषयी असेच प्रश्न विचारले. नाराजी दुसऱ्या तिमाहीच्या सुरुवातीला आणि मध्यात, म्हणजे जवळपास तुझ्याच दिवसांत, जास्त दिसली. पुढे बहुतेकजणी रुळल्या. ज्या मनाने खचलेल्या होत्या किंवा सतत दुसरीशी तुलना करत होत्या, त्यांना त्रास जास्त झाला. नैराश्याची चाचपणी करायला वेगळा कागद आहे, एडिंबरो प्रश्नावली, १९८७ ची, अवघे दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. ती करणाऱ्यांनी शरीराच्या थकव्याबिकव्याचे प्रश्न मुद्दाम वगळले, कारण बाळंतिणीला ते असायचेच. आपल्याकडे गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कोंकणीतून वापरली. २००२ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या पाहणीत बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी २३ टक्के बायका नैराश्यात आढळल्या, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींची घालमेल गरोदरपणातच सुरू झालेली होती. म्हणून बाळंतपणानंतर बघू असं म्हणायचं नाही. दवाखान्यात ही प्रश्नावली मागून घे आणि एकटीने भर. दोन आठवडे सलग उदास वाटतंय, शाळेतल्या मुलांत रमत नाहीस, झोप उडालीय, किंवा जीव नकोसा होतोय असं एकदा जरी वाटलं, तर कुठल्याही कागदाची वाट बघू नकोस. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलायचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

बाळापर्यंत पोचतं का? ‘शी, कशी दिसतेय मी’ हे मनात आलेलं बाळाला ऐकू जात नाही. महिनोन् महिने उपचारांविना राहिलेलं नैराश्य, उपासमार, सततचा धसका यांचा परिणाम होऊ शकतो, आणि तो वर सांगितलेल्या गोष्टींनी टाळता येतो. यॉर्कच्या त्या अभ्यासात असंही दिसलं की ज्यांना आपलं शरीर बरं वाटत होतं त्यांना पोटातल्या बाळाची ओढही जास्त वाटत होती. पण दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीने दुसरी केली असं होत नाही. घरात आधार असेल तर दोन्ही सुधारणार, साधी गोष्ट आहे. गर्भसंस्काराच्या वर्गातल्या बाईंना तुझ्या मनातल्या विचारांवर तुलाच पहारा द्यायला लावायचं असेल तर तो तास बुडव. श्लोक, गाणी आवडत असतील तर घरी लाव.

आता त्या विद्यार्थिनीचं. तू खोटं बोललीस म्हणून स्वतःला खात बसू नकोस. सासू शेजारी वाचत असताना ‘नवऱ्याला मी हवीशी वाटते का’ या वाक्यापुढे कुठली सून खरी खूण करेल? ती चूक फॉर्म देणाऱ्याची. पण दुरुस्त करता येते. संशोधनात भाग घेताना तुला संमतीपत्र आणि माहितीपत्रक मिळालं असेल, त्यावर तिचा किंवा तिच्या मार्गदर्शकाचा नंबर असतो. फोन कर आणि सांग, माझा फॉर्म बाजूला काढा, मला एकटीने नवा भरायचाय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नियमावली तुला नावाची गुप्तता देते आणि कधीही माघार घ्यायचा हक्कही देते, कारण न सांगता. ती मुलगी रागावणार नाही. तिच्याकडे बहुधा सगळेच फॉर्म ‘छान छान’ जमलेत आणि आता मार्गदर्शकांना काय दाखवायचं या चिंतेत ती असेल. तिने हे सदर वाचलंच तर तिच्यासाठी एक ओळ: बाई वजनाला आत जाते तेव्हा नातेवाईक बाहेर थांबतात, फॉर्म तिथे भरून घे, आणि भरलेला कागद पाकिटात बंद करून तिलाच पेटीत टाकू दे.

एक चौकट मात्र तू रात्रीही कोरी सोडलीस, तीच, नवऱ्याविषयीची. ती मी भरणार नाही आणि फॉर्मने भरायचीही गरज नाही. पण त्याला तू बेरीज दाखवलीस, तर हेही दाखव. ‘माझा दम गेल्यासारखा वाटतो आणि तू जवळ येत नाहीस तेव्हा वाटतं की तुला मी नकोशी झालेय’, असं काही असेल तर सरळ सांग. पुष्कळ नवरे बाळाला धक्का लागेल या भीतीने लांब राहतात आणि बायकोला वाटतं आपल्या जाडीमुळे. डॉक्टरांनी रक्तस्राव, खाली आलेली वार अशा कुठल्या कारणाने मना केलं नसेल तर जवळ येण्यात बाळाला धोका नसतो. हे त्याने डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर अधिक बरं, पुढच्या तपासणीला त्यालाच घेऊन जा. सासूबाईंना त्या दिवशी घरी थांबायला सांगणं त्याचं काम, तुझं नाही.

आणि डोहाळजेवण. तू ओटीला नाही म्हणत नाहीस, पोट उघडं टाकून धनुष्यबाण हातात धरायला नाही म्हणतेस, हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत, एवढं घरात आधी समजावून सांग. सासूबाईंशी बोलताना फोटो आवडत नाहीत असं म्हणू नकोस, त्यावर त्या तासभर समजूत काढतील. ‘मला चारचौघांत बसून जेवायचंय, तीन तास उभं राहून फोटो नको’ म्हण. सातव्या महिन्यात तासन् तास उभं राहिल्याने पाय सुजतात, पाठ धरते, यावर त्यांचंही दुमत नसणार, त्या यातून गेल्या आहेत. फुलांची वाडी हवी असेल तर घाल, बसल्या बसल्या नणंदेने मोबाइलवर काढलेले चार फोटो पुरे. साडी नेसवणारीला निऱ्या पोटाखाली आणि सैल खोचायला सांग. फोटोग्राफरला आगाऊ रक्कम दिली असेल तर नवऱ्याला आजच फोन करायला लाव. बाळ झाल्यावर बारशाला ये म्हणावं, पैसे वाया जाणार नाहीत.